दुःखांकित

दुःखांकित (विशेषण, लिंग-वचनानुसार रूप बदलत नाही). दुःख + अंकित. तृतीया तत्पुरुष समास, दुःखाने अंकित. अंकित म्हणजे खूण उमटलेला, तसाच दुसऱ्याच्या सत्तेखालचा, ताबेदार. दोन्ही अर्थ इथे लागू पडतात: ज्या घरातलं कुणी गेलं, त्या घरावर दुःखाची खूण उमटली आहे आणि सध्या तिथे त्याचीच सत्ता आहे.

बोलण्यात हा शब्द येत नाही. पालघर जिल्ह्यात, सरावली-बोईसरकडे कुणी ‘मी दुःखांकित आहे’ म्हणणार नाही. ‘त्यांच्याकडे दुःख झालंय’, ‘फार वाईट झालं’ एवढंच म्हणतात. शब्दाचं खरं घर म्हणजे उत्तरकार्याची पत्रिका. गेलेल्याचं नाव, दशक्रिया आणि उत्तरकार्याचा दिवस, ठिकाण, आणि खाली ‘आपले दुःखांकित’. त्याखाली पत्नी, मुलगे, सुना, मुली, जावई, नातवंडं. इथे विशेषणच नामाचं काम करतं, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारे भाऊही या एका शब्दाखाली ओळीने उभे राहतात. पूर्वी मृत्यूची बातमी कोपरा फाडलेल्या पोस्टकार्डाने येई. ते वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत.

जवळचा शब्द शोकाकुल. आकुल म्हणजे व्याकूळ. त्यात आत्ताची घालमेल आहे. म्हणून अंत्यसंस्कार ‘शोकाकुल वातावरणात’ होतात, ‘दुःखांकित वातावरणात’ नव्हे. शोकाकुल हिंदीतही चालतो, त्यामुळे तारापूर औद्योगिक वसाहतीलगतच्या मिश्र वस्तीत फलकावरचा तो शब्द दोन्ही भाषकांना कळतो. इंग्रजीतल्या ‘बिरीव्ड’च्या मुळाशी लुटलं जाणं आहे: काय गेलं ते तो सांगतो. दुःखांकित मागे काय उरलं ते सांगतो, आणि मला तो अधिक खरा वाटतो.

हा शब्द घरच्यांचा आहे, गावाचा नव्हे. उदाहरणार्थ, पालघरला 14 ऑगस्ट 1942 रोजी ‘चले जाव’ आंदोलनातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पालघर आणि आसपासच्या गावांचे. त्यांच्या स्मृतिदिनी ‘अभिवादन’ लिहितात. तिथे ‘दुःखांकित’ शोभणार नाही.

लेखन: विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकून ‘दु:खांकित’ असं सर्रास छापलं जातं. पत्रिकेचा मजकूर द्यायची वेळ आलीच, तर तेवढं तपासून घ्यावं.