मुंबईचे वारसा-नियम आणि भाडेकरू

महाराष्ट्र शासनाने १९९५ साली बृहन्मुंबईतील वारसावास्तूंच्या जतनाविषयीचे नियम अंमलात आणले. या प्रकारचे ते भारतातील पहिलेच नियम होत. वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी झाली आणि सल्ल्यासाठी जी समिती योजण्यात आली तीत वास्तुविशारद, संरचना-अभियंते, पर्यावरणतज्ज्ञ व नगरेतिहासाचे जाणकार यांना स्थान मिळाले. भाडेकरूंच्या प्रतिनिधीस मात्र मिळाले नाही. अन्यत्र ही उणीव किरकोळ ठरली असती. जुन्या मुंबईत घराचा मालक आणि त्यात राहणारा मनुष्य हे बहुधा निराळे असतात, म्हणून येथे ती किरकोळ नाही.

या भेदाचे मूळ १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यात शोधावे लागते. जुन्या घरांची भाडी त्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. युद्धोत्तर टंचाईत हेतू रास्तच होता. परंतु भाडे गोठले आणि चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी वाढतच गेली, तेव्हा मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ निर्माण होऊन उपकराच्या मोबदल्यात शासनाने ती जबाबदारी पत्करली. अशा उपकरपात्र इमारती १९,६०० हून अधिक होत्या.

वारसा-नियमांतील मोबदल्याची तरतूद या पार्श्वभूमीवर तपासली पाहिजे. विकासाचा अधिकार बुडाल्यास हस्तांतरणीय विकास हक्क मिळावयाचा तो मालकास. भाडेकरूच्या वाट्यास जुनेच जिने, सामायिक शौचकूप आणि टेकू दिलेली गॅलरी. उलट त्याच नियमावलीतील ३३(७) या नियमान्वये उपकरपात्र इमारत पाडून पुन्हा बांधल्यास त्याला विनामूल्य घर मिळे, आणि त्या पुनर्बांधणीस ७० टक्के भाडेकरूंची संमती दीर्घकाळ आवश्यक होती. म्हणजे पाडण्याच्या निर्णयात त्याचे मत मोजले जाई. जतनाच्या निर्णयात त्याने फार तर हरकत नोंदवावी. चाळकऱ्यांना वारशाची कदर नाही ही नेहमीची तक्रार हा व्यवहार लक्षात न घेताच केली जाते.

ओव्हल मैदानाच्या परिसरात निराळे चित्र दिसते. तेथील नागरिकसंघटनांनी जागतिक वारसा-नामांकनाचा चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१८ साली व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको शैलींतील ९४ इमारतींचा समूह युनेस्कोच्या यादीत आला. संघटित शक्ती उलट दिशेनेही वापरता येते. २०१२ साली महापालिकेने यादीत नऊशेहून अधिक नोंदींची भर सुचविली तेव्हा शिवाजी पार्कच्या रहिवाशांनी पुनर्विकास अडेल या भीतीने जोरदार विरोध केला. दोन्ही प्रसंगी ज्यांचे ऐकले गेले ते सुस्थित व लिहितेबोलते नागरिक होते, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

गिरणगावाला असे बळ लाभले नाही. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे २०७ चाळी उभारल्या. प्रत्येकीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. वास्तुशिल्प म्हणून त्या रुक्षच. पण कामगारवर्गाचे व दलितांचे सार्वजनिक जीवन अशाच जिन्यांवर आणि पटांगणांत घडले. इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या परळ येथील चाळीत डॉ. आंबेडकरांचे वास्तव्य १९१२ ते १९३४ असे दोन दशकांहून अधिक काळ होते. दर्शनी भाग पाहून श्रेणी ठरविणाऱ्या दृष्टीला हे दिसणे कठीण. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्यांनी ही घरे नाकारावीत असे कोणी म्हणू शकणार नाही. मात्र चाळी पडू लागल्यावर खोल्यांच्या हस्तांतरांची कागदपत्रे, गावकीच्या मंडळांची दप्तरे, व्यायामशाळांचे हिशेब आणि खानावळींच्या वह्या याही विखुरतात, आणि त्यांच्यासाठी १९९५ च्या नियमांत कोणतीच श्रेणी नाही.