शर्यतीची होडी आणि घरची माणसे

घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, मडके घेणारी गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते, आणि जुने घर घेणारा शहाणा असेल तर भर पावसात एकदा त्या छपराखाली उभा राहून येतो. जुनी वस्तू पारखण्याच्या ह्या विद्या आपल्या अंगवळणी पडलेल्या आहेत. पण शर्यतीच्या रक्ताची, ताशी साठ-सत्तर मैल धावणारी मोटरबोट कुणी जुन्या बाजारात घ्यायला निघाला, आणि तीही बायकामुलांना घेऊन सुटीचा दिवस पाण्यावर घालवण्यासाठी, तर त्याने काय वाजवून पाहावे? अमेरिकेत, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आणि मिशिगनच्या सरोवरांकाठी, हा प्रश्न गेली शंभर वर्षे पुष्कळ घरांत चर्चिला गेला आहे. मला त्याचे उत्तर यंत्रशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक स्वच्छ दिसते, कारण शर्यतीची होडी घरात कशी आली, हाच ह्या होड्यांचा इतिहास आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपली साधी होडी पाणी बाजूला सारीत जाते. वेग वाढवू गेले तर तिच्याच नाळेने उठवलेली लाट तिला अडवते आणि कितीही जोर लावला तरी ती मर्यादेपलीकडे जात नाही. वेगवान होडीची युक्ती निराळी. पुरेशी शक्ती मिळाली की ती पाण्यातून वर उठते आणि पाण्याच्या पाठीवरून घसरू लागते. पोरांनी तळ्यात फेकलेली चपटी भिकार टप्पे घेत जाते, तशी. घसरायला तळ सपाट असलेला बरा. पण सपाट तळाला लाट भेटली की असा दणका बसतो की बसणाऱ्याचे मणके खिळखिळे व्हावेत. वेग हवा तर तळ सपाट, आणि लाटेत सुख हवे तर तळ धारदार. पुढचा सारा इतिहास ह्या दोन इच्छांच्या भांडणाचा आहे.

ह्या भांडणातला पहिला मोठा वीर म्हणजे डेट्रॉइटचा गार वुड. कोळशाच्या मालमोटारीचा मागचा भाग तेलाच्या दाबाने उचलण्याचे यंत्र काढून त्याने पैसा मिळवला आणि तो पाण्यावर उधळला. १९१७ ते १९२१ अशी लागोपाठ पाच वर्षे अमेरिकेचा गोल्ड कप त्याच्याकडे राहिला. पहिले महायुद्ध संपल्यावर विमानांसाठी बनवलेली लिबर्टी जातीची इंजिने कवडीमोलाने विकायला निघाली होती. बारा सिलिंडरांची, चारशे अश्वशक्तीची ही इंजिने त्याने होड्यांत बसवली आणि १९२० साली इंग्लंडात जाऊन हार्म्सवर्थ चषकही जिंकून आणला. १९२५ साली त्याने हडसन नदीवर आल्बनीपासून न्यूयॉर्कपर्यंत एका नामांकित आगगाडीशी शर्यत लावली आणि गाडीच्या आधी तो शहरात हजर झाला! १९३२ साली तर त्याच्या चार इंजिनांच्या होडीने ताशी सुमारे १२५ मैलांचा वेग गाठला.

हे सारे वाचताना मजा वाटते. पण अशा होडीत आजीबाईंना कोण बसवणार? हा प्रश्न शर्यतीच्या पंचांनाही पडला. एकाच धनिकाच्या राक्षसी इंजिनांपुढे कुणाचे चालेना, तेव्हा १९२२ साली गोल्ड कपचे नियमच बदलण्यात आले. इंजिनाच्या आकारावर मर्यादा आली, तळाला पायऱ्या असलेल्या शर्यती होड्यांना दार बंद झाले, आणि शनिवारी शर्यतीत उतरणारी होडी रविवारी मित्रमंडळींना फिरवून आणू शकेल, अशी अपेक्षा धरली गेली. शर्यतीची होडी आणि घरची होडी एकच असावी, ह्या कल्पनेला नियमांचे बळ मिळाले ते तेव्हा.

त्याच वर्षी, १९२२ मध्ये, मिशिगनमधल्या अल्गोनॅक गावी ख्रिस स्मिथ आणि त्याच्या मुलांनी आपला कारखाना काढला. हाच तो पुढे ‘क्रिस-क्राफ्ट’ ह्या नावाने जगभर गाजलेला. स्मिथ हा गार वुडच्या विजयी होड्या बांधणारा कारागीर. पण स्वतःच्या कारखान्यात त्याने लिबर्टीचा हट्ट धरला नाही. युद्धातून उरलेली कर्टिस कंपनीची नव्वद अश्वशक्तीची लहान विमान-इंजिने घेऊन त्याने सव्वीस फुटी, चकचकीत महोगनीच्या होड्या बांधल्या. वेग थोडा कमी, पण पुढे ऐसपैस बसायला जागा, आणि चालवणारा सामान्य गृहस्थ. जुनी होडी घेणाऱ्याने इथला पहिला धडा घ्यावा: इंजिन म्हणजे होडी नव्हे. जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा ठळक असतो, आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. इंजिन बदलता येते. होडीचा स्वभाव बदलता येत नाही. शिवाय पेट्रोलचे इंजिन पूर्ण जोराने धावताना दर दहा अश्वशक्तीमागे ताशी साधारण एक गॅलन तेल पिते, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे चारशे अश्वशक्तीला तासाला चाळीस गॅलन, आपल्या मापाने दीडशे लिटर! हा हिशेब घरच्या खर्चाच्या वहीत मांडून पाहिला की पुष्कळांचा अर्धा ताप उतरतो.

दुसरा धडा दारूबंदीने शिकवला. १९२० ते १९३३ ह्या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. किनाऱ्यापासून दूर उभ्या असलेल्या जहाजांवरून दारू उतरवून रात्रीच्या अंधारात पळणाऱ्या होड्यांत तीच लिबर्टी इंजिने धडधडत होती. तटरक्षकांनी होडी पकडली की तिचा सरकारी लिलाव होई, आणि कित्येकदा जुना धनीच दुसऱ्या कुणाच्या नावाने ती परत घेऊन पुन्हा धंद्याला लागे. होडीला तोंड नसते. आधी कुणी, कशी आणि किती निर्दयपणे पळवली हे ती सांगत नाही. म्हणून कागद बोलके हवेत. अमेरिकेत १९७२ च्या नोव्हेंबरपासून प्रत्येक नव्या होडीच्या मागल्या फळीवर बारा अक्षर-अंकांची ओळखखूण कोरलेली असते; कारखाना आणि साल तीवरून कळते. ही खूण खरवडलेली दिसली किंवा कागदांशी जुळली नाही, तर सौदा कितीही गोड असो, पाठ फिरवावी.

आता ज्या माणसाने सपाट आणि धारदार तळाचे भांडण बऱ्याच अंशी मिटवले त्याच्याकडे वळू. त्याचे नाव रे हंट. मॅसॅच्युसेट्सचा हा नौकारचनाकार. आधीच्या वेगवान होड्या पुढे धारदार असत आणि मागे सपाट होत जात. हंटने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल उतार अगदी मागल्या फळीपर्यंत तसाच, सुमारे चोवीस अंशांचा, ठेवला आणि तळाला लांबीभर पट्ट्या दिल्या, म्हणजे पाणी बाहेर फेकले जाऊन होडी वर उठावी. १९५८ साली न्यूपोर्टला शिडाच्या शर्यतींच्या वेळी रिचर्ड बर्ट्रम नावाच्या मायामीच्या होडी-व्यापाऱ्याने हंटची एक लहान होडी खवळलेल्या पाण्यात निश्चिंतपणे धावताना पाहिली आणि त्याने तशीच मोठी होडी स्वतःसाठी बांधून घेतली. बायकोच्या लाडक्या नावावरून तिचे नाव ठेवले ‘मॉपी’. १९६० च्या मायामी ते नसाऊ शर्यतीच्या दिवशी समुद्र भयंकर उसळला होता. मॉपी आठ तासांत पोहोचली. दुसरी आलेली होडीही हंटच्याच तळाची. ती दोन तासांनी आली. तिसरी उगवली ती दुसऱ्या दिवशी!

पण मला त्या विजयापेक्षा पुढची हकीकत मोलाची वाटते. बर्ट्रमने मॉपीवरून साचा काढला आणि १९६१ पासून फायबरग्लासची एकतीस फुटी होडी विकायला आणली. ती शर्यतवाल्यांनी घेतली, मासेमारीच्या शौकिनांनी घेतली, आणि लेकुरवाळ्या गृहस्थांनीही घेतली. शर्यत जिंकून देणारा गुण, म्हणजे लाटेत दणका न खाणे, हाच पोराबाळांना हवा असलेला गुण निघाला. मात्र हा तळ फुकट काही देत नाही. उभी असताना ही होडी अधिक डोलते, आणि पाण्यावर उठायला तिला अधिक शक्ती लागते. तेव्हा होडी पाहण्याआधी पाणी पाहावे. शांत तळ्यावर फिरायचे असेल तर खोल तळाचा भार कशाला? आणि उघड्या समुद्रावर जायचे असेल तर सपाट तळाच्या स्वस्त होडीने पहिल्याच दिवशी मुले रडकुंडीला येतील आणि होडी कायमची अंगणात पडून राहील.

हंटच्या तळाचा पुढचा वारस डॉन अ‍ॅरोनो. न्यू जर्सीत बांधकामाच्या धंद्यात पैसा करून तो मायामीला आला आणि १९६० नंतरच्या दहा वर्षांत त्याने फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगरेट असे एकामागून एक कारखाने काढले. ‘सिगरेट’ हे नावही दारूबंदीच्या काळातल्या एका होडीवरूनच घेतलेले. ह्या लांब, निमुळत्या होड्या शर्यतीत अजिंक्य ठरल्या, आणि पुढे चोरटे व पोलीस दोघांच्याही आवडत्या झाल्या. १९८७ च्या फेब्रुवारीत मायामीत अ‍ॅरोनोचा गोळ्या घालून खून झाला. आज जुन्या बाजारात अशा घराण्यातल्या होड्या दिसतात. त्या पाहताना लांबीवर जाऊ नये. पुष्कळांत लांबीचा मोठा भाग पुढच्या डेकखाली जातो आणि माणसांना उरते ती अरुंद खोळ. मुलाचे डोके कठड्याच्या खाली राहते का, पोहून आलेल्या आजोबांना शिडीने वर चढता येते का, घरातल्या प्रत्येकाला धरायला मूठ आहे का, हे प्रत्यक्ष सर्वांना बसवून पाहावे.

आणि मग खुशाल वाजवून पाहावे. फायबरग्लास कुजत नाही हे खरे; पण त्याच्या पोटात घातलेले लाकूड कुजते. मागली फळी आणि तळातल्या लांब वाशांत पाणी मुरले की वरून सारे झकास दिसते आणि आत भुसा झालेला असतो. जाणता पारखी लहान हातोडीने टिचक्या मारीत जातो. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, कुजक्या जागी बद्द. १९५९ पासून रूढ झालेली, आतल्या इंजिनाला बाहेरच्या पायाशी जोडणारी रचना असेल, तर मागल्या फळीतून जाणारे रबरी भाते तपासावेत. ते फाटले तर होडी उभ्या जागी बुडू शकते. खाऱ्या पाण्याने इंजिनाचे धुराड्याचे मार्ग आतून खाल्ले आहेत का, सिलिंडरांचा दाब सारखा आहे का, हे तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. त्याची फी जड वाटली तरी ती सौद्याचाच भाग समजावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती तळाशी साचते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा चालवून ती बाहेर काढायची असते. तो पंखा चालतो की नाही, हे मुलांच्या जिवाशी निगडित आहे.

कारण जिवाशीच हा खेळ आहे. १९९० साली मोनॅकोच्या राजकन्येचा पती स्तेफानो कासिरागी हा जगज्जेता असताना मोनॅकोजवळच्या समुद्रात होडी उलटून गेला. तो शर्यतवाला होता, धोका पत्करून गेला असे म्हणता येईल. पण २०१३ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाडीत सुटीला आलेले सहा जणांचे एक कुटुंब वेगवान होडीतून बाहेर फेकले गेले. मोकळी होडी गोल गोल फिरत त्यांच्यावरच परत आली. बाप आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. चालकाच्या अंगाला बांधायची, तो पडला तर इंजिन बंद करणारी साधी दोरी त्या वेळी कुणी अडकवलेली नव्हती. अमेरिकेत सव्वीस फुटांपेक्षा लहान होड्यांवर, जिथे ही सोय बसवलेली आहे तिथे, ती वापरणे १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाले. आणि हे दूरदेशीचे म्हणून सोडून देण्याजोगे नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या उतारूंच्या होडीवर आदळली आणि पंधरा माणसे गेली. होडीला ब्रेक नसतो, आणि वेग दुप्पट झाला की आघाताचा जोर चौपट होतो.

म्हणून माझे मत असे की जुनी वेगवान होडी घ्यायला हरकत नाही; ती घेताना मात्र शर्यतवाल्याच्या नव्हे, बर्ट्रमच्या गिऱ्हाइकांच्या नजरेने पाहावी. चाचणीच्या फेरीला एकट्याने जाऊ नये, आणि वारा पडलेल्या सकाळी तर मुळीच नाही. दुपारी, पाणी जरा उठलेले असताना, सारे घर बरोबर न्यावे, जाकिटे बांधावीत, दोरी अडकवावी, आणि विकणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या वेगाने चालवायला सांगावे. मग किनाऱ्यावर परतल्यावर घरात जे सर्वांत भित्रे असेल त्याला आधी विचारावे, पुन्हा येशील का? त्याने हो म्हटले तरच पैशांची बोलणी काढावी.