फ्लीबेन म्हणजे नेमकं काय? सहदेवी, कडू जिरे आणि बांधावरचे पाहुणे

इंग्रजीत ‘फ्लीबेन’ म्हणजे पिसवांचा काळ. युरोपात ही झाडं वाळवून घरात टांगायचे, नाहीतर त्यांचा धूर करायचे. त्याने पिसवा पळतात अशी समजूत होती. किती पळाल्या ते त्या पिसवांनाच ठाऊक, पण नाव टिकलं. आज हे नाव एका झाडाचं नाही. सूर्यफूल, शेवंती, झेंडू ज्या कुळातले, त्याच कुळातल्या अनेक रानझाडांना ते लागतं. त्यातली दोन तर आपल्या घरातली आहेत, सहदेवी आणि कडू जिरे.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात या दोघांना ‘कोनायझा’ या फ्लीबेनच्या गटात टाकलं होतं. पुढे अभ्यासकांनी त्यांची वाटणी केली. सहदेवीचं आजचं शास्त्रीय नाव सायँथिलियम सिनेरियम, कडू जिऱ्याचं बाकॅरॉइडिस अँथेलमिंटिका. मधल्या काळात दोघंही ‘व्हर्नोनिया’ होती आणि जुन्या पुस्तकांत अजून तीच नावं सापडतात. इंग्रजीत मात्र दोघांनाही ‘जांभळी फ्लीबेन’ म्हणतात. म्हणजे एकाच नावाची दोन खाती, खतावणीत घोळ होणारच.

खऱ्या फ्लीबेनचा मोठा गट ‘एरिजेरॉन’. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थ लवकर म्हातारा झालेला. फूल सरलं की बियांवर पांढरे केस येतात आणि त्या वाऱ्यावर निघतात. आपल्याकडची पोरं उडणाऱ्या अशा बीला ‘म्हातारी’च म्हणतात, हा योगायोग गमतीचा. या गटात ४०० च्या आसपास जाती असून सर्वाधिक उत्तर अमेरिकेत आहेत. काही आपल्या हिमालयातही आहेत.

आपल्या बांधावर, कालव्याकाठी, पडीक प्लॉटमध्ये दिसते ती बहुधा एरिजेरॉन बोनॅरिएन्सिस. मूळची दक्षिण अमेरिकेची, नावातच ब्युनॉस आयर्स आहे. अरुंद, करडी, केसाळ पानं, मळकट पांढरी बारीक फुलं आणि मधल्या शेंड्याच्याही वर जाणाऱ्या बाजूच्या फांद्या, ही तिची खूण. तिची बहीण एरिजेरॉन कॅनडेन्सिस अधिक उंच, सरळ आणि शेंड्याला खूप बारीक फुलांचा तुरा असलेली. तिच्या एका झाडाला २ लाखांपर्यंत बिया येऊ शकतात. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात २००० च्या सुमारास सोयाबीनच्या शेतातली ही झाडं ग्लायफोसेटला दाद देईनाशी झाली. तणनाशकावरच सगळी भिस्त ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं. बी धरण्याआधी उपटून टाकणं हा जुनाच उपाय अजून चालतो.

पिवळ्या फुलांची एक फ्लीबेन दख्खनच्या पठारावर पावसाळा सरल्यावर दिसते, पुलिकॅरिया वायटियाना. ‘पुलेक्स’ म्हणजे लॅटिनमध्ये पिसू. दुसरं नाव रॉबर्ट वाइट या मद्रासच्या स्कॉटिश डॉक्टरचं.

सहदेवी ओळखायला सोपी वाटते, पण इथे फसगत होते. हातभर उंचीचं बारीक झाड, खालची पानं अंडाकृती, वरची अरुंद, आणि टाचणीच्या डोक्यासारखी गुलाबी-जांभळी फुलं. रस्त्याकडेला, कौलारू घरांच्या अंगणात कुठेही उगवतं. तापावरचं औषध म्हणून आपल्याकडे तिला मान आहे. केरळात ती दशपुष्पांपैकी एक आहे. थायलंडमध्ये तर सिगारेट सोडवण्यासाठी ती सरकारी औषधांच्या यादीत आहे.

तिच्यासारखीच जांभळी फुलं येणारं दुसरं झाड म्हणजे एमिलिया सोंचिफोलिया, हिंदीतली हिरनखुरी. तिच्यात यकृताला अपाय करणारी द्रव्यं असतात, म्हणून काढा करण्याआधी झाड नीट बघावं. हिरनखुरीची खालची पानं मुळ्याच्या पाल्यासारखी कातरलेली, वरची देठाला मिठी मारलेली, आणि फुलाखालची हिरवी नळी गुळगुळीत, एकाच रांगेच्या पाकळ्यांची. सहदेवीत हे हिरवे खवले एकावर एक अनेक रांगांत असतात. नाव सांगून दुसऱ्याला रानात पाठवण्यापेक्षा झाड दाखवून आणलेलं बरं.

सगळ्यात मोठा घोळ कडू जिऱ्याचा. त्याला मराठीत ‘काळे जिरे’ही म्हणतात. हैदराबादेत किंवा इंदुरात ‘काला जीरा’ मागा, दुकानदार शहाजिरे देईल, बिर्याणीतलं. बंगालीत ‘कालोजीरा’ म्हणजे कलौंजी. बडोद्यात औषधी जिरं हवं असेल तर ‘काळीजीरी’ म्हणावं लागतं. तिकडे मेथी, ओवा आणि काळीजीरीचं चूर्ण घरोघरी माहीत आहे. आमच्या बेळगावात आणखी मजा. कानडीत हे ‘काडुजीरिगे’, म्हणजे रानजिरे. मराठी माणसाला ते ‘कडू’ ऐकू येतं, आणि चवीला कडूच असल्याने कुणाची तक्रारही नसते.

डोळ्यांनी ओळखायचं तर असं. शहाजिरे बारीक, वाकडं आणि सुवासिक. कलौंजी काळी, कोनदार. चटणीचे कारळे काळे, चकचकीत, गुळगुळीत (तेही याच कुळातले). कडू जिरे साध्या जिऱ्यापेक्षा जाड, काळपट तपकिरी, अंगावर उभ्या दहा रेघा आणि बारीक लव. शंका आली तर एक दाणा चावून बघा, जीभ लगेच सांगते.

त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘अँथेलमिंटिका’चा अर्थच जंतनाशक. आयुर्वेदात अरण्यजीरक म्हणून ते कृमी आणि त्वचारोगांवर येतं. चीनच्या शिनज्यांगमधल्या उइगुर वैद्यकात कोडाच्या पांढऱ्या डागांवर वापरतात. पण हे औषध आहे, मसाला नव्हे. गर्भवतींना, लहान मुलांना किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांना देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, आणि विचारताना ‘काळे जिरे’ एवढंच न म्हणता पुडीच दाखवावी.