ठिणगी केव्हा पाडावी? ऑक्टेन, इथेनॉल आणि जुन्या नौकेचे इंजिन

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आधी २०३० सालासाठी ठरले होते. ते २०२५ मध्येच गाठले गेले. तेव्हापासून ‘ऑक्टेन वाढला म्हणजे इंजिनाचे बळ वाढले’ असे वारंवार ऐकू येते. परंतु ऑक्टेन अंक बळ मोजत नाही. तो काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे जुन्या नौकेच्या पोटात बसवलेल्या इंजिनाच्या इतिहासातून चांगले उमगते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश येथील ‘युनिव्हर्सल’ कंपनीने १९४७ पासून ‘अ‍ॅटॉमिक फोर’ हे इंजिन बनवले. चार सिलिंडर, सुमारे ३० अश्वशक्ती आणि संपीडन गुणोत्तर अवघे सव्वासहाच्या आसपास. पुढची तीन दशके हजारो शिडाच्या नौकांवर ते बसवले गेले आणि त्यांतली बरीच आजही चालू आहेत.

अशा इंजिनात ठिणगी पडताच सगळे मिश्रण एकदम पेटत नाही. ज्योत सिलिंडरभर पसरायला दोन-तीन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगाने एक फेरी २० मिलिसेकंदांत पुरी होते. म्हणजे दोन मिलिसेकंदांत क्रँक ३६ अंश फिरतो. सर्वाधिक दाब दट्ट्या वरच्या टोकावरून नुकताच खाली निघताना मिळावा, यासाठी ठिणगी त्याच्या बरीच आधी पाडावी लागते. वेग वाढला की ती आणखी आधी हवी. डिस्ट्रिब्युटरमधील फिरती वजने हेच काम करतात.

मात्र ठिणगी फार लवकर पडली, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेटते. हेच नॉकिंग. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॅरी रिकार्डो यांनी इंग्लंडमध्ये त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे १९२०च्या दशकात ग्रॅहॅम एडगर यांनी आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरून मोजपट्टी तयार केली. म्हणून ऑक्टेन अंक केवळ इतकेच सांगतो, की हे इंधन आपोआप पेटण्यास किती विरोध करते. सव्वासहाच्या संपीडनाला मुळातच कमी ऑक्टेन पुरतो. त्यात ९५ ऑक्टेनचे इंधन ओतून टायमिंग तेच ठेवले, तर शक्ती वाढत नाही.

या अंकाच्या मागे लागून एक मोठी किंमत मोजली गेली. अमेरिकेत टॉमस मिजली यांना डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड सापडले. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबते, हे त्यांच्या चमूला ठाऊक होते. पण शिशाचे संयुग गॅलनमागे काही मिलिलिटर पुरे आणि त्याचे पेटंटही घेता येई. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते बनवणारे पाच कामगार विषबाधेने मरण पावले. तरी विक्री थोडा काळच थांबली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले आणि जगात शेवटी अल्जीरियात, २०२१ साली. ऑक्टेन अंक उत्तम होता, पण त्या अंकात शिशाचे विष मोजलेले नव्हते.

इथेनॉल शिशासारखे विष नाही. तरीही जुन्या नौकेत ऑक्टेनपलीकडच्या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली मिश्रणाची. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, ई-२० ला सुमारे १३.५. कार्ब्युरेटरचा जेट तोच ठेवला तर मिश्रण पातळ होते, जळणे बदलते आणि जुने टायमिंग तपासून घ्यावे लागते.

दुसरी पाण्याची. नौकेची टाकी आठवडेच्या आठवडे दमट हवेत उभी असते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि ते मर्यादेपलीकडे साचले की इथेनॉलसह खाली बसते. नळी तळातून इंधन ओढत असेल तर इंजिन बंद पडते. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन तर इथेनॉलबरोबरच निघून गेलेला असतो. ज्या अंकाच्या भरवशावर टायमिंग पुढे सरकवले, तो अंकच टाकीत उरत नाही. शिवाय नौकेला उतार नसतो. पंख्याचा भार सतत राहतो, त्यामुळे इंजिनाच्या पेटीखाली दबलेले नॉकिंग तासन्‌तास ऐकूच येत नाही.

तिसरी सर्वांत धोक्याची. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, भेगाळतात. गाडीखाली गळालेले पेट्रोल वाऱ्यावर उडून जाते. नौकेत त्याची हवेहून जड वाफ तळाशी साचते आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. अमेरिकेने १५ टक्के इथेनॉलला परवानगी दिली, तेव्हा नौकांची इंजिने तिच्यातून वगळली होती.

म्हणून ई-२० चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या इंजिनात, कोणत्या टायमिंगला, कोणत्या नळीतून आणि किती दिवस साठवलेले, हे विचारल्याखेरीज उत्तर मिळत नाही. जुने इंजिन जपणाऱ्यांनी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात, टाकीतले पाणी वरचेवर काढावे आणि भाराखाली टायमिंग तपासावे. आणि धोरण आखणाऱ्यांनी १९२१ आठवावे: एकाच अंकावर बेतलेला निर्णय त्या अंकात न मावणाऱ्या गोष्टींपाशी चुकतो.