विजेची जोडणी आणि माणसांची

पश्चिम महाराष्ट्रातील विजेचा इतिहास सांगताना धरणांची उंची आणि यंत्रांची शक्ती सांगण्याची प्रथा आहे. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला तो जोडणीचा इतिहास वाटतो. कोणती शक्ती केव्हा कोणाशी जोडली गेली, आणि त्या जोडणीत कोण वगळले गेले?

आरंभ पाण्याने झाला. टाटांच्या खोपोली केंद्रातून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा त्यांना येऊन मिळाले. सह्याद्रीवरचा पाऊस अडवावयाचा आणि नळांतून कोकणात सोडून चक्रे फिरवावयाची, ही युक्ती मोठी खरी. परंतु भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे खोरे बुडाले. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून तेथील शेतकरी लढले व हरले.

पाऊस चार महिन्यांचा, कारखाने बारा महिन्यांचे. म्हणून पाण्याला उष्णतेची जोड हवी होती. तुर्भ्याचे औष्णिक केंद्र १९५६ साली, कोयना १९६२ साली, तारापूरची अणुवीज १९६९ साली आली. प्रत्येकाचा स्वभाव निराळा. कोळशाचे बाष्पक तापावयास तास लागतात. अणुभट्टी संथ आणि एकसारखी चाललेली बरी. कोयनेची चक्रे मात्र काही मिनिटांत पूर्ण जोरात फिरू लागतात. म्हणून दिवसरात्रीचा कायमचा भार पहिल्या दोघांनी उचलावा आणि सायंकाळची वाढती मागणी पाण्याने भागवावी, अशी वाटणी ठरली. सगळ्यांची चाल मात्र एकच, सेकंदाला पन्नास आवर्तने. कोठेही भार वाढला की सर्वांचीच गती मंदावते, आणि सर्वांनी मिळूनच ती सावरावी लागते. संघटनेचा याहून चांगला धडा मला कोणत्याही पुस्तकात सापडला नाही.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण भारत उर्वरित देशाशी जोडला गेला. आता सूर्य आणि वारा आले आहेत. सूर्य दुपारी भरभरून देतो आणि दिवे लागण्याच्या वेळी निघून जातो. त्यासाठी साठवण हवी. २००८ साली सुरू झालेल्या घाटघर केंद्रात शिलकी विजेने खालचे पाणी वर चढवितात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडतात. पण पाण्यालाही अनेक वाटेकरी. कोयनेचे पाणी कृष्णाकाठच्या शेतीलाही हवे. आणि २०१५ साली पाण्याअभावी परळीचे कोळशाचे केंद्रच बंद ठेवावे लागले होते.

उद्याची जोडणी आखताना अभियंते एक केंद्र बंद पडले तर दुसरे कोणते चालवावयाचे, याचा हिशेब आधीच करून ठेवतात. तोच हिशेब माणसांचाही झाला पाहिजे. जुने केंद्र बंद होईल त्या दिवशी तेथील कायम व कंत्राटी कामगाराने कोठे जावे? सौर पट्ट्यांसाठी जमीन देणाऱ्याला काय मिळावे? याची उत्तरे आराखड्याच्या पहिल्याच पानावर लिहिली गेली पाहिजेत. ती मागून लिहू म्हटले म्हणजे काय होते, ते मुळशीने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेविले आहे.