रुग्णाला नाकारणे : महावग्गातील दोन प्रसंग आणि काठेवाडचे एक पत्र

आजारी माणसाच्या मदतीस धावणे ही दया की कर्तव्य, हा प्रश्न पाश्चात्त्य वैद्यकीय नीतिशास्त्राने प्रथम उपस्थित केला, असा आपल्याकडील सुशिक्षितांत समज आहे. विनयपिटकातील महावग्ग वाचणाऱ्यास हा समज बाळगता येणार नाही. तेथे हा प्रश्न नियमांच्या रूपाने आला आहे, आणि प्रत्येक नियमामागे एक घडलेला प्रसंग सांगितला आहे.

ग्रंथाच्या क्रमाने पहिला प्रसंग जीवकाचा. मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय व अपस्मार या पाच रोगांनी थैमान घातले होते. रोगी जीवकाकडे आले. आपली सर्व संपत्ती देऊ, स्वतः दास होऊ, पण आम्हांला बरे करा, अशी त्यांनी विनवणी केली. जीवकाने नकार दिला. राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघ यांची चिकित्सा आपल्याकडे आहे, त्यामुळे इतरांसाठी वेळ नाही, असे त्याने सांगितले. तेव्हा ते रोगी प्रव्रज्या घेऊन संघात शिरले. जीवकाने त्यांच्यावर उपचार केले, त्यात राजसेवेकडे त्याचे दुर्लक्षही झाले. बरा झालेला एक मनुष्य चीवर टाकून घरी परतलेला जीवकाला दिसला. त्याने तथागतांकडे तक्रार केली, आणि या पाच रोगांनी ग्रस्त असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाला.

हा प्रसंग आपल्या व्याख्यानांतून सहसा सांगितला जात नाही. जीवकाचे गुणगान करताना तो अडचणीचा वाटतो. तो झाकून ठेवण्याचे कारण मला दिसत नाही. एका वैद्याच्या शक्तीला मर्यादा असते आणि राजाने नेमलेला वैद्य प्रजेच्या वाट्याला येत नाही, ही त्या काळच्या व्यवस्थेची वस्तुस्थिती त्यातून स्पष्ट होते. साकेतच्या एका श्रेष्ठीच्या घरून याच जीवकाला सोळा हजार कार्षापण मिळाल्याचे महावग्गच सांगतो. दासत्व पत्करण्यास तयार झालेल्या त्या रोग्यांपुढे दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तर मात्र ग्रंथात नाही.

दुसरा प्रसंग चीवरक्खंधकातील. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. विहारांची पाहणी करीत असता तथागत आनंदासह तेथे आले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय, असे त्यांनी विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. कारण विचारता तो म्हणाला की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. हे उत्तर लक्षपूर्वक वाचावे. उपयोग नसलेल्या माणसावरचा हक्क सोडून देणे ही समाजाची जुनी रीत आहे, आणि येथे खुद्द रोग्यानेच ती मान्य केलेली दिसते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले. त्यांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला मंचकावर निजवले.

त्यानंतर संघाला एकत्र करून त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : येथे तुमची सेवा करण्यास आई नाही, वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने रोग्याची करावी. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. जबाबदारी कोणाची याचा क्रमच घालून दिला. उपाध्याय, आचार्य, शिष्य, सहाध्यायी, आणि यांपैकी कोणी नसेल तर सर्व संघ. जो टाळील त्याला दुक्कट आपत्ती, म्हणजे दोष. शुश्रूषा करणाऱ्यास औषध तयार करता यावे, पथ्यापथ्य कळावे, मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस वाटू नये आणि लाभाच्या आशेऐवजी मैत्रीभाव असावा, असेही सांगितले. कोणी न पाहणे हा यापुढे केवळ निष्ठुरपणा राहिला नाही, तो अपराध ठरला.

अर्थात हे कर्तव्य संघापुरते होते. त्याला राज्याच्या सीमेपर्यंत आणि सीमेपलीकडेही नेले सम्राट अशोकाने. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील त्याच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची व पशूंची अशी दुहेरी चिकित्सा आणि औषधी वनस्पतींची लागवड यांचा उल्लेख आहे. माणसांत कोणताही भेद त्याने केलेला नाही. हा लेख काठेवाडात गिरनारच्या खडकावर कोरलेला आहे.

त्याच काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त प्रसिद्ध झाले. बाबासाहेबांनी ते ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत उद्धृत केले आहे. शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टरने अस्पृश्यांच्या वस्तीत येण्यास नकार दिला. गावच्या नगरशेठने दोन रुपये फीची हमी घेतल्यावर तो आला, परंतु रोग्याला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. दोन दिवसांच्या बाळासह तिला बाहेर आणले गेले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाकडे दिला, त्याने नवऱ्याला, नवऱ्याने पत्नीला. परतही तो त्याच मार्गाने आला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून न्यूमोनियाचे निदान झाले. औषध पाठवले गेले, पण फी घेऊनही डॉक्टर पुन्हा पाहावयास आला नाही. ती दगावली.

शिक्षण दोघांनाही होते, शिक्षकालाही आणि डॉक्टरलाही. आपल्या व्यवसायाचे बंधन मोडताना त्या डॉक्टरच्या मनाला काहीच टोचले नाही, यावर बाबासाहेबांनी नेमके बोट ठेवले आहे. जीवकाच्या नकाराला वेळेची सबब होती. येथे डॉक्टरपाशी वेळ होता, औषध होते, फीसुद्धा मिळाली होती.

भारतीय कायद्याने वैद्याचे हे कर्तव्य निःसंदिग्ध शब्दांत मांडले ते बऱ्याच उशिरा. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला, पोलीस प्रकरण म्हणून, जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे नेताना तो वाटेत मरण पावला. त्यावरून परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक डॉक्टर जीव वाचवण्यास बांधलेला आहे, आणि कायद्याच्या औपचारिकता नंतर पाहाव्यात. तो दिवस २८ ऑगस्ट १९८९ चा. काठेवाडच्या त्या पत्राला साठ वर्षे पुरी होत आली होती.