‘पडणे’ आणि ‘पाडणे’ : गर्भस्रावाच्या लक्षणांचा शब्देतिहास

मराठीत ‘गर्भपात’ हा एकच शब्द दोन सर्वस्वी भिन्न घटनांसाठी योजला जातो. गर्भ आपोआप गळून पडणे ही एक घटना आणि तो हेतुपुरस्सर काढून टाकणे ही दुसरी. बोलीत हा घोटाळा नाही. ‘गर्भ पडला’ आणि ‘गर्भ पाडला’ यांत अंतर एका स्वराचे असले, तरी कर्तृत्वाचा निवाडा त्या स्वरातच झालेला असतो. शिष्ट भाषेतील तत्सम नामाने हा भेद पुसून टाकला. त्याचा परिणाम कोशकारांपुरता मर्यादित असता, तर त्याची एवढी दखल घेण्याचे कारण नव्हते; परंतु रक्त दिसू लागलेली स्त्री वैद्यापर्यंत केव्हा पोहोचते, किंबहुना पोहोचते की नाही, या प्रश्नाशी तो निगडित आहे.

प्राचीन वैद्यकाची परिभाषा या बाबतीत अधिक काटेकोर होती. चौथ्या महिन्यापर्यंत होणारी हानी तो ‘स्राव’ आणि पुढे पाचव्या-सहाव्या महिन्यात, गर्भाचे शरीर स्थिर झाल्यावर होणारी हानी तो ‘पात’, असा विभाग सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात केलेला आढळतो. त्याच संहितेच्या शारीरस्थानात गर्भ पडण्याच्या बेतात असल्याची लक्षणे दिली आहेत : गर्भाशय, कंबर, जांघा आणि बस्ती या ठिकाणी शूळ, आणि रक्तदर्शन. आजच्या प्रसूतितज्ज्ञाने सांगितलेली यादी याहून फारशी निराळी असणार नाही. चरकाचे विवेचन वाङ्मयीन दृष्ट्याही लक्षणीय आहे. चौथ्या महिन्यापासून पुढे रक्त दिसले, तर ते दिसताक्षणीच वैद्याने स्त्रीला मऊ, शीतल शय्येवर, डोके किंचित खाली ठेवून निजण्यास सांगावे, असे तो म्हणतो. येथे भर आहे तो ‘ताबडतोब’ या अर्थावर. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात रक्त दिसल्यास मात्र गर्भ टिकणार नाही असे समजावे, कारण त्या काळी त्याच्यात सार उत्पन्न झालेले नसते, असे त्याचे मत आहे.

हे मत अर्धेच खरे ठरले आहे. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भहानीपैकी सुमारे निम्म्या प्रकरणांत गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष हे कारण असते, आणि तेथे कोणताही उपचार गर्भ वाचवू शकत नाही. या अर्थाने ‘अजातसार’ ही कल्पना दूरदर्शी म्हणावी लागेल. उलटपक्षी, या काळात थोडाफार रक्तस्राव सुमारे चतुर्थांश गर्भवतींना होतो आणि त्यांतील अनेकींचा गर्भ सुखरूप राहतो. निजून राहिल्याने गर्भ टिकतो, यालाही आज पुरावा नाही. म्हणून रक्त दिसताच आशा सोडणे आणि रक्त दिसूनही घरी पडून राहणे, हे दोन्ही मार्ग चुकीचे ठरतात. तपासणी हाच निर्णय.

गर्भ पोटातच मृत झाला असता त्याची मुहूर्तभरही उपेक्षा करू नये, असे सुश्रुत चिकित्सास्थानात बजावतो. मात्र याच प्रकरणात, क्रियेस आरंभ करण्यापूर्वी ‘अधिपती’ची अनुज्ञा घ्यावी, असाही निर्देश आहे. हा अधिपती राजा की घरधनी, हा वाद बाजूला ठेवू. ती स्त्री स्वतः नव्हे, एवढे निश्चित. ग्रंथ वैद्याशी बोलतो, वैद्य अधिपतीशी बोलतो. दुखते आहे तिला त्यात बोलण्याची जागा नाही.

हाच महिन्यांचा विभाग धर्मशास्त्राने उचलला, पण तो निराळ्या कामासाठी. पराशरस्मृतीत चौथ्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात आणि त्यापुढे प्रसूती अशी वाटणी आहे, आणि तिचे प्रयोजन सुतकाचे दिवस मोजणे हे आहे. मनुस्मृतीनुसार गर्भस्रावानंतर जितके महिने तितक्या रात्रींनी शुद्धी होते. लक्षणाचे रूपांतर अशौचात झाले की ते लपवण्याजोगे होते, हे वेगळे सांगायला नको.

1860 साली भारतीय दंडसंहिता आली आणि अशौचाच्या जोडीला अपराध आला. तिच्या 312 व्या कलमाने गर्भपात घडवून आणणे दंडनीय ठरवले, आणि स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या स्त्रीलाही त्या कक्षेत घेतले. 2023 च्या भारतीय न्याय संहितेने तीच तरतूद 88 व्या कलमात कायम ठेवली आहे. हिंदी पाठात या कलमाचे शीर्षक ‘गर्भपात कारित करना’ असे होते. ‘कारित’ हे विशेषण जोडावे लागले, यातच नामाची संदिग्धता उघड होते. व्यवहारात विशेषण गळते आणि संशय उरतो.

या पार्श्वभूमीवर आनंदीबाई जोशी यांचा प्रबंध वाचायला हवा. पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात 1886 साली त्यांनी ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’ हा विषय घेऊन पदवी मिळवली. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात, पुरुष वैद्याचे साहाय्य घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींचा त्यांनी उल्लेख केला होता. जुन्या संहितांकडे त्या वळल्या, यात स्वदेशाचा अभिमान अर्थातच आहे. पण मराठी अभ्यासकांनी या प्रबंधाकडे बहुधा चरित्रातील एक टप्पा म्हणूनच पाहिले, ही मला उणीव वाटते. जो ग्रंथ अधिपतीची अनुज्ञा मागत होता, त्या परंपरेवर लिहिणारी व्यक्ती येथे प्रथमच एक प्रसूत झालेली, अर्भक गमावलेली मराठी स्त्री आहे.

इतर भाषांनी हा प्रश्न कसा हाताळला? तमिळमध्ये आपोआप होणाऱ्या हानीला ‘करुच्चिदैवु’ आणि केलेल्या क्रियेला ‘करुक्कलैप्पु’ अशी दोन नामे रूढ आहेत. मराठीने क्रियापदात राखलेला भेद तमिळने नामातही राखला. बंगालीत ‘गर्भस्राव’ हा शब्द शिवी म्हणूनही वापरला जातो, तेव्हा स्त्री तो स्वतःविषयी कसा उच्चारणार? इंग्रजी वैद्यकातही ‘अ‍ॅबॉर्शन’ हा एकच शब्द दोहोंसाठी होता. 1985 साली ‘लॅन्सेट’मध्ये बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपोआप होणाऱ्या हानीसाठी ‘मिसकॅरेज’ वापरावे, असे सुचवले. आपल्याकडील रुग्णालयांच्या कागदांवर मात्र ‘ए’ हे एकच अक्षर अजून दोन्ही घटना मोजते. आणि गंमत अशी, की जनावरासाठी मराठीत स्वतंत्र, निर्दोष क्रियापद आहे : गाय ‘गाभडते’. तिच्यावर कोणी संशय घेत नाही. शेतकरी सरळ पशुवैद्याला बोलावतो.

स्त्रीच्या बाबतीत थांबू नये अशी लक्षणे आज स्पष्ट आहेत. तासाला दोन मोठ्या घड्या भिजतील इतका स्राव दोन तास चालू राहणे, ताप, थंडी किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, भोवळ येणे, पोटाच्या एका बाजूला तीव्र वेदना किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे. शेवटच्या दोहोंत, रक्त थोडेच गेले असले तरी, गर्भ नलिकेत रुजल्याची शंका घेऊन त्याच घटकेला रुग्णालय गाठावे लागते. त्यासाठी तिला दारात पहिले वाक्य उच्चारावे लागते, आणि ते ऐकणाऱ्याने ‘पडला की पाडला’ हे आधी विचारायचे नसते. रक्त थांबवण्याचे उपचार दोन्हींत सारखेच असतात.